रेवाताईसाठी टाकलेला शब्द

आधी रेवाताईचं नाव लिहिते, मग बाकीचं. मी या देशात उभी राहिले ती तिच्यामुळे. नववीत शाळा सुटलेली मी, बार्शीची. इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतानासुद्धा अडखळायची. तिनं मला शेजारी बसवून इथली बारावीच्या तोडीची परीक्षा पास करायला लावली, गाडी चालवायला शिकवली. आज मी डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे, त्या नोकरीचा पहिला फॉर्मसुद्धा तिनंच समोर बसून भरून घेतला. आणि हे सगळं तिनं स्वतःच्या अभ्यासातून वेळ काढून केलं, तेही अशा दिवसांत जेव्हा तिला एकेक तास हवा होता. एवढं आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगायचंय ते सांगताना मी कदाचित स्वतःचीच बाजू घेईन. तसं झालं तर वाचणाऱ्यानं ही सुरुवात आठवावी.

रेवाताई माझ्या आत्याची एकुलती एक मुलगी, जन्मापासून इथल्या एडिसन गावची. आत्यानं फार वर्षांपूर्वी भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, इथे बोलावून घ्यायला घातलेला अर्ज मंजूर होऊन आला तेव्हा माझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मी एकोणीस वर्षांची होते. बाबा ओक ट्री रोडवर एका किराणा दुकानात माल लावायला लागले, आणि मी आत्याच्या डब्यांच्या कामात. आत्या घरून डबे करायची. पोळी, भाजी, आमटी, भात, आणि गुरुवारी काहीतरी गोड. लोक संध्याकाळी स्टेशनवरून घरी जाताना गॅरेजच्या दारातून आपापला डबा घेऊन जायचे. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. पोळपाटाचा एक पाय आखूड होता, तो दर पोळीला टकटक वाजायचा. चुलीवरचा पंखा सकाळी लागला की दुपारीच बंद व्हायचा. आणि खाली तळघरात, हीटरच्या घरघरीत, रेवाताई भिंतीला तोंड करून मोठमोठ्यानं बोलत असायची. "फिफ्टी-एट इयर ओल्ड मेल, शॉर्टनेस ऑफ ब्रेथ, टू डेज..." पेशंटची हकिगत मोठ्या डॉक्टरपुढे कशी मांडायची, त्याचा तो सराव. आत्या वरून विचारायची, "कोण गं हा म्हातारा? रोज येतो." खालून उत्तर यायचं, "आई, अठ्ठावन्न म्हणजे म्हातारा नाही. बाबांपेक्षा लहान आहे तो."

हे बाबा म्हणजे ताईचे वडील, आत्याचे यजमान, आमचे श्रीधरकाका. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. "तुझ्या आत्याच्या रेशमी साड्या वर्षातून एकदा धुवायला जातात," ते मला म्हणायचे, "माझं रक्त आठवड्यातून तीनदा. सांग, घरात किंमत कुणाला जास्त?" त्यांचे बटाटे मी पाण्यात भिजत घालून, ते पाणी टाकून मग शिजवायची. टोमॅटो नाही, नारळ नाही, मीठ चिमूटभर. प्यायचं पाणीसुद्धा दिवसाला मोजून एक बाटली. रेवाताईनं मला अपूर्णांक शिकवले ते त्या बाटलीवर. सकाळच्या औषधाबरोबर एक अष्टमांश, जेवताना एक चतुर्थांश, मग संध्याकाळसाठी उरलं किती? काका शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे. "माझ्या तहानेवर पोरगी गणित शिकली," असं आल्यागेल्याला सांगायचे आणि हसायचे. मला मात्र रडू यायचं, कारण बरोबर उत्तर आलं तरी उरलेलं पाणी तेवढंच असायचं.

ताईच्या कॉलेजात एम.डी. नव्हे, डी.ओ. ही पदवी मिळायची. डॉक्टर तेही पूर्णच. औषधं देतात, ऑपरेशनं करतात. वर त्यांना हातानं हाडं, सांधे, स्नायू तपासायचं एक जास्तीचं शिक्षण असतं. त्या शिक्षणाला माणसाचं शरीर लागतं, आणि घरात रिकामं शरीर माझंच होतं. दुपारी डबे भरून झाले की मी तळघरातल्या गादीवर पालथी पडायची आणि ताई माझ्या मणक्यांवरून बोटं फिरवत एकेक जागा मोजायची. "मनी, तुझी ही बरगडी हलतच नाहीये. किती पोळ्या लाटतेस रोज?" मी म्हणायची, "कोण मोजतंय?" ती म्हणायची, "तुझी पाठ मोजतेय." पहिल्या दिवशी तिनं दोन्ही तळहात माझ्या पाठीवर नुसते ठेवले, गरम, आणि मी एकदम हुंदके देऊन रडायला लागले. ती घाबरली. "दुखलं का? सॉरी, सॉरी, आय'म सो सॉरी." दुखलं नव्हतं. आई गेल्यापासून पाठीवर कुणी हात ठेवला नव्हता, एवढंच. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. बऱ्याच गोष्टी सांगितल्या नाहीत.

लोकांना डी.ओ. कळायचं नाही. डबा न्यायला येणाऱ्या एक नेनेकाकू होत्या, त्यांचा मुलगा एम.डी. शिकत होता. त्या एकदा दारातच म्हणाल्या, "म्हणजे मालीशच ना ते एक प्रकारचं? चांगलंय हो, म्हातारपणी आपल्याला उपयोगी." आत्याचा चेहरा उतरला. ताई मात्र हसत पुढे झाली. "या ना काकू, तुमचा खांदा बघते. डब्याबरोबर फ्री." त्या गेल्यावर मग तळघराचं दार जरा जोरात लागलं. कॉलेज संपल्यावर डॉक्टर झालेल्या मुलांना तीन वर्षं हॉस्पिटलात राबून शिकावं लागतं, रेसिडेन्सी म्हणतात. ताईला ती इंटर्नल मेडिसिनची हवी होती, आणि घरापासून वीस मिनिटांवरच्या मोठ्या हॉस्पिटलातच हवी होती. पुढे किडनीची डॉक्टर व्हायचं तर तिथलं शिक्षण कामाचं होतं. आणि काकांची डायलिसिसची खुर्ची जवळ राहणार होती. तिथे सगळ्या देशातून एम.डी. मुलं अर्ज करायची. डी.ओ. घेत नाहीत असं नव्हतं, एखाद्या वर्षी एखादं घेतलं जायचं.

ते एखादं आपण व्हायचं, यासाठी तिनं काय काय केलं ते मी रोज बघत होते. तिच्या कॉलेजची स्वतःची परीक्षा होतीच. ती देऊन थोड्याच दिवसांत तिनं एम.डी. मुलांचीही परीक्षा दिली, कारण मोठ्या ठिकाणी दोन्हीकडचे मार्क एका मापानं बघता येतात. एका डॉक्टरबरोबर तिनं एका पेशंटच्या दुर्मिळ दुखण्यावर लेख लिहिला. शेवटच्या वर्षी त्याच मोठ्या हॉस्पिटलात एक महिना काम करायची परवानगी मिळवली. तो महिना म्हणजे महिनाभर चालणारी मुलाखतच. ती सकाळी मी कणीक मळायच्या आधी निघायची आणि परत आली की मोजे न काढता जिन्यावर बसायची. मी चहा द्यायची. "कसं झालं?" "माहीत नाही यार. आज एका आजीबाईंना कुणीच विचारलं नव्हतं की त्या गोळ्या घेतात का. घेतच नव्हत्या. वाचता येत नव्हतं त्यांना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यामुळे सुचलं मला ते." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. (हल्ली मुलाखती म्हणे घरी बसून पडद्यावर होतात. तेव्हा ती काळा सूट घालून गाडीनं गावोगाव जायची. त्या सुटाला इस्त्री माझी असायची.)

त्या महिन्यात तिच्यावर देखरेख करणारे डॉक्टर होते सबनीसकाका. पत्नी गेलेली, मुलं लांब. मंगळवार-गुरुवार आमच्याकडचा डबा न्यायचे. कमी बोलणारा माणूस. एका गुरुवारी डबा हातात घेऊन ते आत्याला म्हणाले, "तुमची मुलगी पेशंटजवळ खुर्ची ओढून बसते. बाकीचे उभ्यानंच बोलतात." तेवढंच बोलून गेले. आत्यानं ते वाक्य घरात दहादा म्हणून दाखवलं. तेव्हाच ताईनं जेवताना सांगितलं की सबनीसकाका मुलं निवडणाऱ्या समितीत आहेत. आणि लगेच आईकडे बोट करून म्हणाली, "आई, यू आर नॉट सेइंग एनीथिंग टू हिम. एक शब्द नाही. प्रॉमिस मी." आत्या म्हणाली, "मी कशाला बोलू? मी फक्त वांग्याची भाजी देते." श्रीधरकाका म्हणाले, "तेवढी चांगली कर म्हणजे झालं."

मी ते ऐकलं. ऐकलं नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही. पण मला वाटलं हा ताईचा संकोच आहे. कुठली मुलगी स्वतःहून म्हणेल, माझ्यासाठी बोला? मी वाढले तिथे कामं कशी होतात हे मी बघितलेलं होतं. माझी आई शेवटच्या आजारात सरकारी दवाखान्यात दोन दिवस जमिनीवर सतरंजीवर होती. शेजारच्या कंपाउंडरनं शब्द टाकला आणि तिसऱ्या दिवशी तिला खाट मिळाली. ती खाटेवर गेली, एवढं समाधान आम्हाला मिळालं ते त्या माणसाच्या एका शब्दामुळे. ज्यांच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं ती माणसं जमिनीवरच राहिली; काही वाईट होती म्हणून नाही. शब्द टाकणारा माणूस आपल्या दारात आठवड्यातून दोनदा येतोय आणि त्याला कुणी सांगतच नाहीये, हे मला सहन होईना. ताईनं माझ्यासाठी एवढं केलं, मला हे एक जमण्यासारखं आहे, असं वाटलं.

संक्रांतीच्या आठवड्यात गुळपोळ्या केल्या. सबनीसकाकांच्या डब्यात सहा ठेवल्या, बाकीच्यांना दोन-दोन. पोळ्यांखाली, फॉइलमध्ये नीट गुंडाळून, चिठ्ठी ठेवली. शाळेत शिकले होते तशी, वर सा. न. वि. वि. घालून. "आमच्या रेवाताईला तुमच्या हॉस्पिटलात घ्यावे. श्रीधरकाकांना डायलिसिस आहे हे आपण जाणताच. ती एकटीच आहे त्यांना. आपण शब्द टाकलात तर होईल. घरचे सगळे आपले उपकार विसरणार नाहीत." खाली स्वतःचं नाव लिहिलं नाही, घरचे सगळे असंच लिहिलं. त्या दिवशी मी इतकी खूश होते की बाबांनी विचारलं, एवढं काय मिळालं तुला?

पुढच्या मंगळवारी सबनीसकाका लवकर आले. आत्या श्रीधरकाकांची औषधं आणायला गेली होती. ते गॅरेजच्या दारात उभे राहिले, कोटावर बर्फ होतं, आणि डबा माझ्या हातात दिला. तो जड लागला. उघडला तर सहाही पोळ्या तशाच.

"चिठ्ठी तू लिहिलीस?"

"हो."

"आत्यानं सांगितलं होतं?"

"नाही काका. कुणालाच ठाऊक नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "समितीला मला आता सांगावं लागेल की या मुलीच्या घरून मला विनंती आली. नियम आहे. तिचं नाव निघालं की मी खोलीबाहेर जाऊन बसायचं."

"नका ना सांगू. मी ती फाडून टाकते."

"मी वाचलीय ना. लपवली आणि उद्या बाहेर आलं तर तिच्यावरच शिंतोडे उडतील."

"पण दुसरं कुणी बोलेल ना तिच्यासाठी?"

"तिचे मार्क बोलतील. पत्रं बोलतील. सगळ्यांचीच बोलतात." त्यांनी कोटावरचं बर्फ झटकलं. "ती डी.ओ. आहे. त्या टेबलाभोवती निम्म्यांना तिच्या कॉलेजचं नाव माहीत नाही. अशा वेळी कुणीतरी म्हणावं लागतं की मी हिला महिनाभर काम करताना पाहिलंय, मला ही हवी आहे. ते मी म्हणणार होतो. चिठ्ठी नसती तरी म्हणणार होतो."

माझ्या हातात तो डबा होता. खाली कुठे ठेवावा ते कळेना. मी विचारलं, "फार चुकलं का माझं?"

"माझ्या गावी नसतं चुकलं," ते म्हणाले. "तुझ्याही गावी नाही. इथे चुकलं." मग जाता जाता, "मी तुझ्या आत्याला सांगणार नाही. रेवालाही नाही. तू ठरव." त्यानंतर ते डबा न्यायला आले नाहीत. आत्या म्हणाली, वांग्याची भाजी बिघडली असेल एखाद्या दिवशी.

फेब्रुवारीत ताईनं हॉस्पिटलांची आपल्या पसंतीची यादी पाठवली; हॉस्पिटलंही मुलांची अशीच यादी देतात, आणि दोन्ही जुळतील तिथे जागा मिळते. सगळ्यात वर तेच हॉस्पिटल. मला दाखवून म्हणाली, "मनी, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, होईल. मार्चमधल्या एका सोमवारी तिला कळलं की कुठेतरी जागा मिळालीय. कुठे, ते शुक्रवारी कळणार होतं. शुक्रवार काकांचा डायलिसिसचा दिवस; म्हणून आत्या ताईबरोबर कॉलेजात गेली आणि मी काकांबरोबर सेंटरमध्ये. मशीनला जोडलेला हात हलवायचा नसतो, म्हणून मीच फोन त्यांच्या कानाला धरला होता. पलीकडून ताईचा आवाज मलाही ऐकू येत होता, पण शब्द कळत नव्हते. काका म्हणाले, "अरे वा. छान. नाही नाही, छानच झालं. डॉक्टर झालीस तू." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पांघरूण मागितलं. मी ते त्यांच्या पायांवर घातलं.  मग म्हणाले, "विमानाला किती तास लागतात गं तिकडे?" यादीतलं सहावं नाव होतं ते. देशाच्या मध्यावरच्या सपाट मुलखातलं लहानसं हॉस्पिटल, दोन विमानं बदलून जायचं.

जूनमध्ये ताई गेली. काकांना सेंटरमध्ये न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं, आत्याच्या जुन्या गाडीतून. खुर्चीवर बसले की ते ताईला फोन लावायचे. ती त्या वेळी राउंडवर असायची, फोन उचलला जायचा नाही. तरी लावायचे. "घंटा वाजते ना, तेवढी ऐकतो," म्हणायचे. दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, उपमा खाऊन झाल्यावर, काका घरी खुर्चीतच गेले. शुक्रवार आणि सोमवारच्या मधले डायलिसिसविना दोन दिवस किडनीच्या पेशंटला सगळ्यात जड जातात. आज मी हे दर शुक्रवारी माझ्या पेशंटांना बजावून सांगते. तेव्हा माहीत नव्हतं. वादळामुळे विमानं रद्द झाली होती. ताई सोमवारी संध्याकाळी पोचली.

सगळं उरकल्यावर ती तळघरात त्या गादीवर येऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "तू होतीस ना बाबांजवळ, म्हणून मी तिकडे राहू शकले. नाहीतर मी सोडूनच आले असते. थँक यू, मनी." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, "ताई, तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "आज नको ना. प्लीज." मी थांबले. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती बॅग भरत होती. मग आत्याचं काय करायचं हा प्रश्न निघाला, मग माझी परीक्षा, माझी नोकरी. दर वेळी काहीतरी पुढे आलं आणि दर वेळी मला आतून हायसं वाटलं. ही लाज मी इथे लिहून ठेवतेय.

कदाचित सबनीसकाका बोलले असते तरी तिला घेतलं नसतं. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगून पाहिलंय. श्रीधरकाका तरीही गेलेच असते, हेही. पण ती वीस मिनिटांवर असती, आणि त्या दीड-दोन वर्षांत त्यांचा फोन कुणीतरी उचलला असता. ताईचं तसं वाईट झालं नाही. त्या लहान हॉस्पिटलातून ती पुढे किडनीची डॉक्टर झाली. आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असते, आत्या तिच्याकडेच आहे. नव्या डी.ओ. मुलांना ती फोनवर सल्ला देते. मी एकदा तिथे असताना ऐकलं, कुणाला तरी सांगत होती, दोन्ही परीक्षा दे, एक महिना तिथे जाऊन काम कर, तुला काम करताना पाहिलेला एक माणूस त्या खोलीत असू दे. पलीकडच्यानं काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "माझ्यासाठी? मला वाटलं होतं एक जण बोलेल. आय गेस ही डिडन्ट थिंक आय वॉज दॅट गुड." मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. इतकी वर्षं ती हे मनात धरून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून हे लिहिलं. ताईला मराठी वाचता येत नाही, ऐकलेलं सगळं कळतं. ऑगस्टमध्ये माझी दोन आठवड्यांची रजा मंजूर झालीय. बॉथेलला जाऊन, तिला समोर बसवून, हे पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे, एकही वाक्य न गाळता. सबनीसकाकांनी तिच्याबद्दल काय म्हटलं होतं ते तिला माझ्या तोंडून ऐकू दे. तिचं देणं मोठं आहे, ते फेडायला मला आणखी किती वर्षं लागतील माहीत नाही. पण मी फेडीन, रेवाताई. तू दार बंद करून घेतलंस तरी मी बाहेर बसून राहीन, आणि तू म्हणशील तिथून सुरुवात करीन.